टिळकांचा राग

रे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची गीते आपण उपासनेत गातो आणि गाता गाता त्यांना संत ठरवून मोकळे होतो. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना मात्र आम्ही थबकलो. टिळक शीघ्रकोपी होते. हातचा पैसा दुसऱ्याला देऊन टाकीत आणि घरात ओढाताण होई. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. बाप्तिस्म्याने राग गेला नाही. (कोणाचा एका दिवसात जातो?) पण आला तसा तो ओसरेही. पतीच्या निधनानंतर बाईंनी हे सारे लिहिले, काही न लपविता, हसत हसत, मायेने. शाब्बाथशाळेत टिळकांचे चरित्र सांगताना आम्ही पूर्वी त्यांचा राग वगळीत असू. आता तोही सांगतो.