खडकांचे अभ्यासक : स्टीफन हिस्लॉप

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा नावाचे गाव आहे. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात आणि एखाद्या शेतात विहीर खणण्याचे काम चालू असेल, तर थोडा वेळ काठावर उभे राहून पाहा. सर्वांत वर कापसाला मानवणारी काळी माती दिसेल. तिच्याखाली मुरूम लागतो. मुरूम संपला की पहार खणकन वाजते, कारण आता खाली कठीण काळा दगड असतो. मग सुरुंग लावून तो फोडावा लागतो. वर आलेल्या दगडांत कधी बारीक छिद्रे असतात, तर कधी त्या छिद्रांत पांढरे चमकदार खडे बसलेले असतात. शेतकऱ्याचे लक्ष अर्थात पाण्याकडे असते. दगड पाहत बसायला त्याला वेळ कुठला?

पण याच विदर्भात, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, असे दगड तासन्‌तास पाहणारा एक माणूस राहत होता. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय तुम्ही ऐकले असेल. १८८३ साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले, तेच हे हिस्लॉप.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगो येथे झाले. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि १८४४ च्या अखेरीस जहाजाने मुंबईला आले. पुढच्याच वर्षी ते नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. रेल्वे नव्हती, पक्के रस्तेही फारसे नव्हते. हिस्लॉप आले होते आपल्या धर्माच्या प्रचारासाठी. त्यासाठी ते मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा काढली. त्यांचा धर्म स्वीकारणारे थोडेच निघाले. शाळेत शिकायला मात्र मुले येत राहिली.

हिस्लॉप यांना निसर्गाची मनापासून आवड होती. किडे, वनस्पती, दगड, माणसांच्या बोली, सर्वच गोष्टींचे त्यांना कुतूहल होते. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हेही तसेच होते. हिवाळ्यात दोघे गावोगाव दौऱ्यावर जात. दौरा धर्मकार्याचा असे, पण येताना पिशवीत दगड असत.

या कामासाठी नागपूरपेक्षा चांगली जागा सापडणे कठीण होते. असे का, ते सांगतो. नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, म्हणजे तुमच्या आमच्या वर्धा जिल्ह्याकडे, काळ्या खडकाचा प्रदेश आहे. पूर्वेला फार जुना, करड्या-गुलाबी रंगाचा पट्टेदार खडक आहे. उत्तरेला कामठीजवळ वालुकाश्म आहे, म्हणजे वाळू दाबली जाऊन तयार झालेला दगड. शहराच्या मधोमध जी सिताबर्डीची टेकडी आहे, तिच्यात तर काळा खडक त्या जुन्या पट्टेदार खडकाच्या डोक्यावर बसलेला आहे. घोड्यावरून एका दिवसात फिरून या, पृथ्वीचे तीन निरनिराळे काळ पायाखालून जातात.

१८५१ च्या सुमारास हिस्लॉप आणि हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे एक विशेष गोष्ट आढळली. काळ्या खडकाच्या दोन थरांच्या मध्ये फिकट रंगाच्या दगडाचा एक पातळ थर होता. तो फोडल्यावर आत गोगलगाईच्या जातीचे शंख निघाले. ते दगडाचे झाले होते, पण आकार जसाच्या तसा होता. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. पुढे तिथेच त्यांना फळे, बिया, माशांचे खवले आणि चक्क भुंग्यांचे कठीण पंखही मिळाले.

आता थोडे थांबा आणि विचार करा. काळा खडक हा ज्वालामुखीतून, म्हणजे तुमच्या उर्दू पुस्तकातल्या आतिशफिशाँमधून, निघालेल्या तप्त रसाचा बनलेला असतो. त्या रसाला लाव्हा म्हणतात आणि तो थंड होऊन झालेल्या या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. अशा आगीत गोगलगाय कशी राहील? मग हे शंख दोन थरांच्या मध्ये आले कोठून?

शंख गोड्या पाण्यातील प्राण्यांचे होते. याचा अर्थ तेथे एके काळी तळे होते. लाव्हाचा एक पूर आला, थंड झाला आणि कठीण झाला. त्यावर पाऊस पडला, माती झाली, खोलगट भागात पाणी साचले. तळ्यात मासे आणि गोगलगाई आल्या, काठावर झाडे वाढली, त्यांवर भुंगे बसले. हे सर्व व्हायला हजारो वर्षे लागली असतील. आणि मग एक दिवस पुन्हा लाव्हा आला आणि त्याने ते तळे झाकून टाकले. असे एकदाच झाले नाही, अनेकदा झाले. दख्खनचे पठार हे असे थरावर थर साचून बनले आहे. महाराष्ट्रातील आपल्या डोंगरांच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या आहेत. हा खडक आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भागात पसरलेला आहे.

विहिरीतल्या दगडात दिसणाऱ्या छिद्रांचे कारणही इथेच सांगून टाकतो. लाव्हात वायूचे बुडबुडे असतात. लाव्हा थिजला की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरतात. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्यांत झिरपते आणि खडे तयार होतात. खडक झिजून गेला तरी हे खडे मागे उरतात. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तुमच्यापैकी काही जण तेथे गेलेही असतील. त्या टेकडीवर सुपारी-जायफळाएवढे गोल खडे मिळतात. त्यांची एक आख्यायिका आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगडाचा झाला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. मग ते दोघे कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. लोक ही गोष्ट आदराने सांगतात. भूशास्त्र त्या खड्यांची जी हकिकत सांगते, ती वर दिलेली आहे. दोन्ही माहीत असलेल्या बऱ्या.

हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर परिसरातील खडकांवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८६० साली हिस्लॉप यांनी त्याच नियतकालिकात आणखी एक मोठा निबंध लिहिला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे त्यांना एका चपट्या डोक्याच्या प्राण्याची कवटी मिळाली होती. हा प्राणी बेडकासारखा पाण्यात आणि जमिनीवर राहणारा होता. ती कवटी इंग्लंडला गेली आणि १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी तयार केला, तेच हे ओवेन. नागपूरजवळ मिळालेल्या एका हिरव्या खनिजाला १८५९ साली हिस्लोपाइट असे नाव देण्यात आले. ते वेगळे खनिज नसून हिरवा रंग चढलेले कॅल्साइट आहे, असे पुढे ठरले. गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याला दिलेले हिस्लोपिया हे नाव मात्र आजही चालू आहे.

पण मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एक पान. कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मात हिस्लॉप यांना पानांचे ठसे मिळाले. त्यांतील एक पान जिभेसारखे लांबट होते. त्याला ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. १८६१ साली बनबरी नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने या संग्रहावर निबंध लिहिला. हे झाड सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे. गंमत अशी की, याच झाडाची पाने ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही सापडली. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मरण पावले. त्यांच्याजवळ सुमारे सोळा किलो दगड होते. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांतही ग्लॉसॉप्टेरिसची पाने निघाली.

कामठीचे झाड अंटार्क्टिकात कसे गेले? मध्ये तर हजारो किलोमीटर समुद्र आहे! याचे उत्तर हिस्लॉप यांच्या काळात कोणाजवळ नव्हते. ते हळूहळू मिळाले. एडवर्ड झ्यूस यांनी असे मांडले की, हे सर्व भूभाग एके काळी एकत्र होते. त्या जुन्या महाखंडाला त्यांनी गोंडवनलँड म्हटले. म्हणजे आपल्याकडच्या गोंड लोकांच्या प्रदेशाचे नाव साऱ्या जगाच्या भूगोलात गेले. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली सांगितले की, खंडे जागची हलतात. त्यांना पुष्कळ विरोध झाला. अखेर १९६० नंतरच्या काही वर्षांत समुद्रतळाच्या अभ्यासातून खात्री पटली. पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे भूपट्ट अतिशय सावकाश सरकत असतात.

भारताचा भूपट्ट गोंडवनलँडपासून सुटला आणि उत्तरेकडे निघाला. त्याचा वेग काही काळ वर्षाला सुमारे पंधरा सेंटिमीटर होता, म्हणजे पुरी वीतही नाही. तरीही हा फार मोठा वेग समजतात. वाटेत, आज जेथे मॉरिशसजवळचे रियुनियन बेट आहे, त्या भागावरून जाताना पृथ्वीच्या पोटातील तप्त रस भेगांतून वर आला. ही सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. रोहण्याच्या विहिरीतला काळा दगड तेव्हाचा आहे. रियुनियन बेटावरील ज्वालामुखी आजही जागा आहे. पुढे भारत आशियाला जाऊन भिडला आणि हिमालय उंचावला. भारत आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे.

हिस्लॉप यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. काळ्या खडकाचे वयही त्यांनी खऱ्यापेक्षा कमी धरले होते. पण जे डोळ्यांना दिसले ते त्यांनी जागेसह, थरासह नीट लिहून ठेवले आणि नमुने जपून पाठवले. म्हणून पुढच्या लोकांना त्यांचा उपयोग झाला.

दगडांइतकेच त्यांना माणसांचे कुतूहल होते. गोंडी ही तेव्हा लिहिली जाणारी भाषा नव्हती. हिस्लॉप यांनी गोंडांचे शब्द, चालीरीती आणि लिंगो या त्यांच्या पूर्वजाची गाणी मिळवून लिहून ठेवण्यास सुरुवात केली. त्याच काळात विदर्भातील शिलावर्तुळांकडे त्यांचे लक्ष गेले. माळावर मोठे दगड गोल मांडलेले दिसतात, त्यांना शिलावर्तुळे म्हणतात. ती प्राचीन काळच्या लोकांची दफनस्थळे आहेत.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला होता आणि रिचर्ड टेम्पल हे त्याचे मुख्य आयुक्त होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेम्पल यांच्यासोबत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे गेले. तेथील शिलावर्तुळे त्यांना पाहायची होती. दिवस पावसाचे होते. काम आटोपल्यावर बरोबरची माणसे बोरीच्या मुक्कामाकडे पुढे निघाली. हिस्लॉप मागाहून एकटेच घोड्यावरून येत होते. तोवर अंधार पडला. वाटेतला नाला पावसाने फुगला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला, पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. लोक कंदील घेऊन शोधायला धावले. हिस्लॉप यांचा देह नाल्यात सापडला. चारच दिवसांनी त्यांना शेहेचाळीसावे वर्ष पूर्ण झाले असते.

टाकळघाट परिसरात पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ साली, नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले. तेथे लोखंडाच्या वस्तू आणि काळ्या-तांबड्या रंगाची मातीची भांडी मिळाली.

हिस्लॉप यांच्या घरी अर्धवट लिहिलेल्या कागदांचे गठ्ठे राहिले होते. टेम्पल यांनी ते मागवून घेतले, जुळवले आणि १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. लिंगोची गाणी त्या पुस्तकात आहेत.