जॉर्ज बेल

जॉर्ज केनेडी ॲलन बेल (४ फेब्रुवारी १८८३ – ३ ऑक्टोबर १९५८) हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू, चिचेस्टरचे बिशप आणि ख्रिस्ती मंडळ्यांच्या जागतिक ऐक्य चळवळीतील एक प्रमुख नेते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन राष्ट्र आणि नाझी राजवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी ब्रिटिश संसदेत व संसदेबाहेर सातत्याने मांडले. जर्मन शहरांवरील सरसकट बाँबफेकीला त्यांनी उघड विरोध केला. या भूमिकेमुळे ते स्वदेशात अप्रिय झाले. ते युद्धविरोधी किंवा शांततावादी होते असा एक समज आढळतो, तो बरोबर नाही. हिटलरचा पाडाव झाला पाहिजे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांचा वाद युद्ध कोणत्या साधनांनी लढावे आणि शत्रुराष्ट्राच्या लोकांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी होता.

पूर्वायुष्य

बेल यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटावर झाला. त्यांचे वडील तेथे धर्मगुरू होते. वेस्टमिन्स्टर स्कूल आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थिदशेत, १९०४ मध्ये, त्यांना काव्यलेखनासाठी ऑक्सफर्डचे न्यूडिगेट पारितोषिक मिळाले. १९०७ मध्ये दीक्षा घेतल्यावर त्यांनी लीड्स या औद्योगिक शहरात काम केले. काही वर्षे ऑक्सफर्डला अध्यापन केल्यानंतर १९१४ मध्ये ते कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांचे खाजगी धर्माधिकारी झाले. पहिले महायुद्ध त्यांनी लॅम्बेथ राजवाड्यातून, म्हणजे चर्चच्या कारभाराच्या केंद्रातून पाहिले. युद्धाने त्यांच्या घरालाही धक्का दिला. त्यांचे दोन भाऊ रणांगणावर मारले गेले. १९१८ मध्ये त्यांचा हेन्रिएटा लिव्हिंगस्टन यांच्याशी विवाह झाला.

१९२४ ते १९२९ या काळात ते कँटरबरी कॅथेड्रलचे डीन होते. कॅथेड्रलमध्ये नाट्यप्रयोग सुरू करण्याचे श्रेय त्यांना जाते. टी. एस. एलियट यांचे मर्डर इन द कॅथेड्रल हे नाटक १९३५ च्या कँटरबरी महोत्सवासाठी लिहिले गेले, त्यामागे बेल यांचेच निमंत्रण होते. १९२९ मध्ये ते चिचेस्टरचे बिशप झाले आणि निवृत्तीपर्यंत, सुमारे २९ वर्षे, त्याच पदावर राहिले. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला आलेले महात्मा गांधी ऑक्टोबर १९३१ मध्ये चिचेस्टरला त्यांचे पाहुणे होते.

जर्मनीशी संबंध

बेल यांचा जर्मनीशी परिचय ऐक्य चळवळीतून झाला. १९२५ च्या स्टॉकहोम परिषदेतून 'लाइफ अँड वर्क' ही चळवळ पुढे आली. नुकतेच एकमेकांशी लढलेल्या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांना एकत्र बसवणे, हा तिचा एक हेतू होता. १९३२ पासून बेल तिच्या प्रमुखपदी होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर नाझी विचारसरणी लादण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा या पदाला अनपेक्षित महत्त्व आले. जर्मन चर्चचा अधिकृत प्रतिनिधी कोणाला मानायचे, सरकारच्या आशीर्वादाने नेमलेल्या बिशपांना की त्यांना विरोध करणाऱ्या 'कन्फेसिंग चर्च'ला, हा प्रश्न बाहेरच्या मंडळ्यांना टाळता येईना. बेल यांनी विरोधकांची बाजू घेतली. मे १९३४ मध्ये त्यांनी सदस्य मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रात जर्मनीतील दडपशाही व वंशभेद यांविषयी स्पष्ट चिंता व्यक्त केली होती.

याच सुमारास डीट्रिख बॉनहोफर हे तरुण धर्मशास्त्रज्ञ लंडनमधील जर्मन मंडळ्यांचे पाळक म्हणून आले होते. दोघांच्या वयात २३ वर्षांचे अंतर होते. जन्मदिवस मात्र एकच, ४ फेब्रुवारी. बॉनहोफर यांच्याकडून बेल यांना जर्मनीतील घडामोडींची विश्वसनीय माहिती मिळू लागली आणि ती ते लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातील पत्रांतून लोकांपुढे ठेवू लागले. मार्टिन नीमलर यांना १९३७ मध्ये अटक झाल्यावर त्यांच्या सुटकेसाठी ब्रिटनमध्ये जो आवाज उठला, त्यात बेल अग्रभागी होते.

ज्यू वंशाचे असल्यामुळे नाझी कायद्यांनी पदच्युत केलेल्या धर्मगुरूंना व त्यांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये आणण्यासाठी त्यांनी स्वतः हमीपत्रे दिली. हाउस ऑफ लॉर्ड्‌समधील त्यांचे पहिले भाषण, जुलै १९३८ मध्ये, निर्वासितांविषयीच होते. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने देशातील जर्मन व ऑस्ट्रियन रहिवाशांना सरसकट छावण्यांत डांबले. त्यांत हिटलरपासून पळून आलेले निर्वासितही होते. बेल यांनी या छावण्यांना भेटी दिल्या आणि हा प्रश्न संसदेत नेला.

त्यांच्या या काळातील सर्वच निर्णय दूरदृष्टीचे ठरले असे म्हणता येत नाही. १९३८ च्या म्युनिक कराराला त्यांचा पाठिंबा होता. युद्ध सुरू झाल्यावरही पहिल्या काही महिन्यांत वाटाघाटींची दारे उघडी ठेवावीत, असे त्यांना वाटत होते. हिटलरशी तडजोड अशक्य आहे हे बॉनहोफर यांना त्यांच्या आधी उमगले होते.

युद्धकाळातील भूमिका

नोव्हेंबर १९३९ मध्ये बेल यांनी युद्धकाळातील चर्चच्या कर्तव्याविषयी एक लेख लिहिला. चर्चने राज्यसंस्थेचे आध्यात्मिक सहायक दल बनू नये, स्वराष्ट्राने अन्याय केल्यास तेही सांगावे, बंधुभावाचे नाते सीमेपलीकडे टिकवावे, असा त्याचा आशय होता. पुढील पाच वर्षांतील त्यांचे वर्तन या लेखाशी ताडून पाहिल्यास फारसा फरक आढळत नाही.

जर्मन लोकांविषयी ब्रिटनमध्ये दोन मते होती. परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी लॉर्ड व्हॅन्सिटार्ट यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रेडिओ भाषणांच्या पुस्तिकेत जर्मन राष्ट्राचा स्वभावच मुळात आक्रमक असल्याचे प्रतिपादन केले. लंडन, कॉव्हेंट्री आदी शहरांवर बाँब पडत असताना हे मत लोकप्रिय होणे स्वाभाविक होते. बेल यांना ते असत्य आणि शिवाय घातक वाटत होते. हिटलरचे पहिले बळी जर्मनच होते, आणि सगळ्या जर्मनांना एकाच मापाने मोजल्यास तेथील विरोधकांना हिटलरच्या मागे उभे राहण्यावाचून पर्याय उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १० मार्च १९४३ रोजी त्यांनी या प्रश्नावर लॉर्ड्‌समध्ये चर्चा घडवून आणली. सरकारतर्फे लॉर्ड चॅन्सेलर सायमन यांनी हिटलरी राज्य व जर्मन जनता यांतील भेद तत्त्वतः मान्य केला. प्रत्यक्ष धोरणात मात्र त्याचे प्रतिबिंब पडले नाही. त्याच वर्षी जानेवारीत कॅसाब्लांका येथे दोस्त राष्ट्रांनी बिनशर्त शरणागतीची मागणी जाहीर केली होती.

नाझीव्याप्त ग्रीस, बेल्जियम आदी देशांत दोस्तांच्या नाकेबंदीमुळे उपासमार होत होती. तेथे अन्न पाठवू द्यावे यासाठी १९४२ मध्ये स्थापन झालेल्या दुष्काळ निवारण समितीचे ते अध्यक्ष होते.

स्वीडनमधील भेट

मे १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती मंत्रालयाच्या कार्यक्रमांतर्गत बेल तटस्थ स्वीडनच्या दौऱ्यावर गेले. तेथे त्यांना प्रथम हान्स शोनफेल्ड हे जर्मन धर्मगुरू भेटले. त्यानंतर ३१ मे रोजी सिगतुना येथे अचानक बॉनहोफर समोर आले. ते जर्मन लष्करी गुप्तचर विभागाच्या कागदपत्रांवर प्रवास करत होते. हा विभागच कटवाल्यांचे एक आश्रयस्थान होता. दोघांना एकमेकांच्या येण्याची कल्पना नव्हती आणि दोघांचे निरोप मात्र जुळत होते. हिटलरला हटवून नवे सरकार आणण्याचा बेत आहे. त्या सरकारशी दोस्त राष्ट्रे बोलणी करतील का, एवढे त्यांना जाणून घ्यायचे होते. बॉनहोफर यांनी जनरल बेक, गोर्डेलर आदी प्रमुखांची नावेही सांगितली. ही नावे बाहेर फुटली असती तर त्याचा अर्थ मृत्यू होता. एका परदेशी बिशपच्या हाती ती सोपवणे, हे दोघांमधील विश्वासाचे माप मानावे लागते.

३० जूनला बेल यांनी परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांना भेटून सर्व तपशील दिला. १७ जुलैला ईडन यांचे उत्तर आले: कटवाल्यांना कोणतेही उत्तर पाठवणे राष्ट्रहिताचे नाही. बेल यांनी आणखी प्रयत्न केले, अमेरिकेचे राजदूत वायनंट यांनाही भेटले. उपयोग झाला नाही. ब्रिटिश सरकारचीही बाजू होती. सोव्हिएत संघाला न विचारता जर्मनांशी बोलणी केल्यास युती धोक्यात येईल, ही भीती काल्पनिक नव्हती. आणि कटवाल्यांनी तोपर्यंत प्रत्यक्ष कृतीचा काही पुरावा दिला नव्हता. २० जुलै १९४४ रोजी हिटलरवर झालेला हल्ला फसला आणि बेल यांनी ऐकलेल्या नावांपैकी अनेक जण मारले गेले. बॉनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत फाशी देण्यात आली. त्यांचा अखेरचा निरोप बेल यांच्यासाठी होता. सोबतच्या एका ब्रिटिश कैद्याने तो नंतर पोहोचवला.

बाँबफेकीला विरोध

जुलै १९४३ मधील हवाई हल्ल्यांत हॅम्बुर्ग शहर जळाले आणि सुमारे ३५ ते ४० हजार लोक मृत्युमुखी पडले. हिवाळ्यात बर्लिनवर हल्ले सुरू झाले. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी बेल यांनी हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये सरकारला धोरणाविषयी जाब विचारला. कारखाने, रेल्वे व लष्करी ठाणी यांवरील हल्ले त्यांना मान्य होते, त्यांत काही नागरिक मरणार हेही त्यांनी मान्य केले. संपूर्ण शहर हेच लक्ष्य ठरवून ते भागाभागाने नष्ट करणे मात्र त्यांना न्याय्य युद्धाच्या मर्यादेबाहेरचे वाटत होते. वस्त्यांबरोबर ग्रंथालये, चर्च व कलावस्तू नाहीशा होत आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. आपण कायद्यासाठी लढत असल्याचे सांगतो, तेव्हा बळ हाच न्याय मानणाऱ्या शत्रूसारखे आपण वागू नये, हा भाषणाचा गाभा होता.

निवृत्त आर्चबिशप लँग यांनी त्यांना काही अंशी साथ दिली. सरकारतर्फे लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी उत्तर दिले, की हल्ल्यांचा हेतू दहशत हा नसून युद्धसामग्रीचे उत्पादन थांबवणे हा आहे आणि त्यामुळे युद्ध लवकर संपेल. वृत्तपत्रांत बेल यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांतातही नाराजी होती. त्याआधी, सप्टेंबर १९४३ मध्ये, चिचेस्टरच्या डीनने बॅटल ऑफ ब्रिटनच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेत त्यांनी प्रवचन देऊ नये असे सुचवले होते. वैमानिकांच्या शौर्याविषयी बेल यांनी कधीही अनादर दाखवला नव्हता, पण ज्यांची मुले रोज रात्री विमाने घेऊन जात होती त्या घरांना हा भेद पटणे कठीण होते.

ऑक्टोबर १९४४ मध्ये आर्चबिशप विल्यम टेम्पल यांचे अकाली निधन झाले. बाँबफेकीविषयी टेम्पल यांचे मत बेल यांच्याहून वेगळे असले तरी दोघांची मैत्री टिकून होती. त्यांच्या जागी बेल यांचे नाव अनेकांच्या मनात होते. नियुक्ती मात्र लंडनचे बिशप जेफ्री फिशर यांची झाली. चर्चिल यांच्या रोषामुळे बेल यांना डावलले गेले, असे सर्रास लिहिले जाते. चर्चिल यांना ते नापसंत होते यात शंका नाही. पण फिशर यांचे प्रशासकीय कौशल्य ही देखील त्यांच्या निवडीची जमेची बाजू होती, म्हणून एका भाषणाला हा निकाल पूर्णपणे चिकटवणे घाईचे ठरेल.

युद्धानंतर

२७ जुलै १९४५ रोजी लंडनमध्ये बॉनहोफर यांची स्मृतिप्रार्थना झाली आणि बेल यांनी प्रवचन दिले. शत्रुराष्ट्राच्या नागरिकासाठी, युद्ध संपून तीन महिनेही झाले नसताना, अशी उपासना होणे अनेक ब्रिटिशांना रुचले नाही. ती रेडिओवरून प्रसारित झाली आणि बर्लिनमध्ये बॉनहोफर यांच्या आईवडिलांनी ती ऐकली. ऑक्टोबरमध्ये बेल परदेशी मंडळ्यांच्या प्रतिनिधींसह श्टुटगार्टला गेले. तेथे जर्मन प्रॉटेस्टंट नेत्यांनी आपल्या दोषाची कबुली देणारे निवेदन त्यांच्यासमोर मांडले.

पूर्व युरोपातून लक्षावधी जर्मनांना हाकलून दिले गेले, त्याविरुद्ध बेल बोलले. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांविषयी ते साशंक होते. फील्ड मार्शल मॅनस्टाइन यांच्यावर खटला चालवण्यास त्यांनी विरोध केला आणि काही दोषींसाठी दयेची मागणी केली. त्यांच्या कार्यातील हा भाग अभ्यासकांना सर्वांत अधिक खटकतो. जर्मनांमध्ये चांगले लोक आहेत या खात्रीपायी गंभीर गुन्ह्यांच्या आरोपींविषयीही ते फार उदार झाले, या आक्षेपात तथ्य आहे.

१९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे जागतिक चर्च परिषदेची स्थापना झाली, तेव्हा तिच्या मध्यवर्ती समितीचे पहिले अध्यक्ष म्हणून बेल निवडले गेले. १९५४ पर्यंत ते या पदावर होते. १९५२-५३ च्या संधिकाळात या समितीची बैठक लखनौ येथे भरली होती. अण्वस्त्रांनाही त्यांनी विरोध केला. १९५८ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कँटरबरी येथे त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर वाद

रॉल्फ होखहुट या जर्मन नाटककाराने १९६७ च्या सोल्जर्स या नाटकात बाँबफेकीच्या प्रश्नावरून चर्चिल आणि बेल यांना समोरासमोर आणले. ऑक्टोबर २०१५ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने, बेल यांनी अनेक दशकांपूर्वी एका बालिकेचे लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारीवर भरपाई दिल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही संस्थांनी व वास्तूंनी त्यांचे नाव काढून टाकले. डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉर्ड कार्लाइल यांच्या अहवालाने चर्चची चौकशीची पद्धत सदोष असल्याचा निष्कर्ष काढला. तक्रार खरी की खोटी हे ठरवणे त्यांच्या कार्यकक्षेत नव्हते. पुढे आलेल्या अन्य आरोपांत तथ्य नसल्याचे २०१९ मध्ये दुसऱ्या चौकशीत आढळले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी बेल यांच्याविषयीची आपली पूर्वीची विधाने चुकीची असल्याचे मान्य करून क्षमा मागितली आणि कँटरबरी कॅथेड्रलसाठी योजलेल्या त्यांच्या पुतळ्याचे थांबलेले काम पूर्ण होईल असे सांगितले.