जॉन चार्नली

सर जॉन चार्नली (जन्म : बरी, लँकेशायर, इंग्लंड, २९ ऑगस्ट १९११, मृत्यू : मँचेस्टर, ५ ऑगस्ट १९८२) हे ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक होते. खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे ते जनक मानले जातात. त्यांनी विकसित केलेल्या 'अल्पघर्षण सांधारोपण' पद्धतीमुळे उतारवयात अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेल्या असंख्य रुग्णांना पुन्हा चालता येऊ लागले. या शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे आजही बव्हंशी त्यांनी घालून दिलेलीच आहेत.

बालपण आणि शिक्षण

चार्नली यांचा जन्म मँचेस्टरजवळच्या बरी या गिरणगावात झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते, तर आईने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. बरी ग्रामर स्कूलमधील शिक्षण पूर्ण करून १९२९ मध्ये त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. १९३५ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि लगेच १९३६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप त्यांनी मिळवली. यंत्रे आणि हत्यारे यांची त्यांना मनापासून आवड होती. पुढे त्यांनी घरीच लेथ बसवून छोटी कार्यशाळा थाटली. शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या अनेक उपकरणांचे पहिले नमुने ते स्वतःच्या हाताने घडवत.

युद्धकाळ आणि आरंभीची कारकीर्द

दुसऱ्या महायुद्धात चार्नली १९४० मध्ये ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. डंकर्कहून सैन्य परत आणण्याच्या मोहिमेत त्यांचा सहभाग होता. नंतर त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. तेथे लष्करी कार्यशाळेतील कारागिरांच्या मदतीने त्यांनी जखमी सैनिकांसाठी हाडांना आधार देणारी उपकरणे तयार करवून घेतली. शल्यचिकित्सक आणि यंत्रतज्ज्ञ यांनी एकत्र काम करण्याची ही पद्धत त्यांनी आयुष्यभर जपली.

युद्धानंतर त्यांनी काही काळ ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात काम केले आणि १९४७ मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत सल्लागार शल्यचिकित्सक झाले. हाडे कशी सांधतात हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला विषय होता. त्यासाठी त्यांनी एका कनिष्ठ सहकाऱ्याकरवी स्वतःच्याच नडगीवर अस्थिरोपणाचा प्रयोग करवून घेतला. त्या जागी जंतुसंसर्ग होऊन त्यांना बराच त्रास सोसावा लागला. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अस्थिभंगांच्या विनाशस्त्रक्रिया उपचारांवरील ग्रंथ अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. गुडघ्याचा सांधा दाब देऊन कायमचा जोडून टाकण्याच्या पद्धतीवरही त्यांनी महत्त्वाचे लेखन केले.

खुब्याच्या सांध्याचा प्रश्न

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल टोक कटीच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात फिरते. दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वय वाढते तशी किंवा संधिवाताने ही कूर्चा झिजते, हाडावर हाड घासू लागते आणि प्रत्येक पाऊल वेदनादायक होते. पुढे रात्रीची झोप उडते, मोजे घालणे किंवा पायरी चढणेही अशक्य होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा वृद्धांसाठी काठी, वेदनाशामक औषधे आणि विश्रांती यांपलीकडे फारसा उपाय नव्हता.

प्रयत्न मात्र जुने होते. जर्मनीत टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंती सांधे बसवून पाहिले होते. १९३८ मध्ये लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी पोलादी सांधा वापरला. फ्रान्समधील ज्यूदे बंधूंनी १९४० च्या दशकात अ‍ॅक्रिलिकचे गोलक बसवण्यास सुरुवात केली. यांतील बहुतेक सांधे काही काळाने सैल होत किंवा मोडत.

ज्यूदे पद्धतीचा सांधा बसवलेल्या एका रुग्णाच्या खुब्यातून हालचाल करताना करकर आवाज येई. घरच्यांना तो इतका असह्य होई की त्याची पत्नी जेवणाच्या टेबलाशी त्याच्याबरोबर बसणे टाळू लागली. या तक्रारीने चार्नली विचारात पडले. आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे, आणि घर्षण जास्त असेल तर सांधा हाडातून उखडला जाणारच, असे अनुमान त्यांनी काढले. नैसर्गिक सांध्यांवर प्रयोग करून त्यांनी त्यांतील घर्षण मोजले. ते बर्फावरून घसरणाऱ्या चाकीविरहित स्केटइतके अल्प असल्याचे दिसले. कृत्रिम सांध्यासाठी मुळातच निसरडा पदार्थ शोधणे आवश्यक आहे, या निष्कर्षाला ते पोहोचले.

राइटिंग्टन आणि टेफ्लॉनचे अपयश

विगनजवळील राइटिंग्टन येथे क्षयरोग्यांसाठी बांधलेले रुग्णालय होते. क्षयावर प्रभावी औषधे आल्यामुळे तेथील खाटा रिकाम्या होऊ लागल्या होत्या. चार्नली यांनी मँचेस्टरमधील प्रतिष्ठेचे काम कमी करून या आडवळणी ठिकाणी केवळ खुब्याच्या शस्त्रक्रियांसाठी केंद्र उभे केले. सोबत प्रयोगशाळा आणि कार्यशाळाही उभारली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉन या प्लॅस्टिकचा वापर सुरू केला. त्याच सुमारास मँचेस्टरच्या दंतवैद्यक विभागातील डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने त्यांनी अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरून सांध्याचे भाग हाडात पक्के बसवले. हे सिमेंट गोंदासारखे चिकटत नाही. गवंडी फटींमध्ये चुना भरतो त्याप्रमाणे ते हाडाच्या पोकळ्या भरून काढते आणि शरीराचा भार सर्वत्र सारखा वाटते.

पुढील सुधारणा गोलकाच्या आकाराची होती. आरंभी त्यांनी नैसर्गिक आकाराचा, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा गोलक घेतला होता. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर, तितके जाते सहज फिरते. गोलक मोठा असला की घर्षणाचा जोरही असाच वाटीला फिरवू पाहतो. म्हणून त्यांनी व्यास टप्प्याटप्प्याने कमी करून २२.२२५ मिलिमीटरवर आणला. लहान गोलकामुळे वाटी जाड ठेवता आली आणि तिच्यावरील पिळाचा ताणही घटला.

आरंभीचे निकाल विलक्षण होते. वर्षानुवर्षे लंगडणारे रुग्ण वेदनेविना चालू लागले. १९६१ मध्ये चार्नली यांनी 'लॅन्सेट'मध्ये या नव्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. परंतु दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन वेगाने झिजत असल्याचे स्पष्ट झाले. झिजलेल्या कणांभोवती शरीरात दाह होऊन गाठी तयार होत आणि हाड पोखरले जाई. सुमारे ३०० रुग्णांमध्ये असे सांधे बसवलेले होते. हे सांधे बदलण्याच्या अवघड फेरशस्त्रक्रिया करण्याची जबाबदारी चार्नली यांनी स्वतःवर घेतली. दोष नेमका कशाचा हे तपासण्यासाठी त्यांनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला. काही महिन्यांनी तेथे गाठ आल्याचे पाहून त्यांनी आपले निरीक्षण १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केले आणि इतर शल्यचिकित्सकांना सावध केले.

पॉलिएथिलीनचा शोध

मे १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागांच्या सुट्या भागांसाठी वापरले जाणारे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन घेऊन राइटिंग्टनला आला. चार्नली यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांनी त्याचा तुकडा ठेवून घेतला. चार्नली यांनी अंगठ्याचे नख त्यात रुतवून पाहिले आणि ते निरुपयोगी ठरवले. पुढे ते परिषदेसाठी कोपनहेगनला गेले असता क्रेवन यांनी स्वतःहून तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र अखंड चालूनही झालेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसातील झिजेपेक्षा कमी होती. परत आल्यावर चार्नली यांनी ही आकडेवारी पाहिली आणि आपले मत तत्काळ बदलले.

नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची वाटी आणि पोलादी गोलक असलेला पहिला सांधा बसवण्यात आला. या वेळी घाई न करण्याची दक्षता त्यांनी घेतली. अनेक वर्षे आपल्याच रुग्णांचा पाठपुरावा करून खात्री पटेपर्यंत हा सांधा त्यांनी सर्वांसाठी खुला केला नाही. नंतरही राइटिंग्टनला येऊन प्रशिक्षण घेतलेल्या शल्यचिकित्सकांनाच तो विकावा, अशी अट त्यांनी लीड्स येथील थॅकरे या उत्पादक कंपनीला घातली होती.

जंतुसंसर्गाविरुद्ध लढा

कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा काढून टाकावा लागतो. चार्नली यांच्या आरंभीच्या शस्त्रक्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. जंतू प्रामुख्याने हवेतून जखमेत येतात, असे मानून त्यांनी हवा शुद्ध करणारी यंत्रे बनवणाऱ्या एका स्थानिक उद्योगाच्या साहाय्याने शस्त्रक्रियागृहात काचगृहासारखी बंदिस्त खोली उभारली. तीत गाळलेली हवा सतत वरून खाली वाहत असे. शल्यचिकित्सकांसाठी त्यांनी श्वासोच्छ्वासाची हवा नळीवाटे बाहेर ओढून घेणारे पोशाख तयार केले. संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. शुद्ध हवेची ही व्यवस्था पुढे जगभरातील सांधारोपण केंद्रांनी स्वीकारली.

रुग्णांची निवड, पूर्वतयारी आणि पुनर्वसन

सांधा किती वर्षे टिकेल याची खात्री नसल्यामुळे चार्नली प्रारंभी मुख्यतः वृद्ध रुग्णांचीच निवड करत. शस्त्रक्रियेपूर्वी वेदना, चालण्याची क्षमता आणि सांध्याची हालचाल या तिन्हींना १ ते ६ गुण दिले जात. ही मूळची फ्रेंच पद्धत त्यांनी सुधारून घेतली. रुग्णांचे त्यांनी तीन गट पाडले. पहिल्या गटात एकच खुबा बिघडलेले, दुसऱ्यात दोन्ही खुबे बिघडलेले, तर तिसऱ्यात हृदयविकार किंवा अन्य सांध्यांच्या विकारामुळेही चालणे मर्यादित झालेले रुग्ण असत. खुबा उत्तम बसूनही एखादा वृद्ध फार चालू शकत नसेल, तर तो दोष शस्त्रक्रियेचा की अन्य आजाराचा, हे या वर्गीकरणामुळे समजू लागले. उतारवयातील रुग्णाने नव्या सांध्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हेही त्यामुळे आधीच सांगता येऊ लागले.

त्यांच्या पद्धतीत सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाजूला घेत आणि शेवटी तारेने पुन्हा जोडत. तो सांधेपर्यंत रुग्णाला जपावे लागे. गोलक वाटीतून निसटू नये म्हणून दोन्ही पायांमध्ये त्रिकोणी उशी ठेवून पाय फाकलेले ठेवत. ही उशी आजही चार्नली यांच्या नावाने ओळखली जाते. त्यानंतर रुग्ण कुबड्यांवर आणि मग काठीवर चालत.

आज विश्रांतीचा काळ खूपच कमी झाला आहे. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते, कारण अंथरुणावर पडून राहिल्यास पायांतील शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पूर्वतयारीत मांडी व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम, रक्तशर्करेवर नियंत्रण, धूम्रपान बंद करणे, दात, त्वचा व मूत्रमार्ग यांतील संसर्गावर उपचार, तसेच घरातील सटकणाऱ्या सतरंज्या काढून उंच खुर्चीची सोय करणे यांचा समावेश होतो. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक न वाकवणे आणि पायावर पाय न टाकणे, अशी पथ्ये बहुधा सांगितली जातात. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची सवय असलेल्या भारतीय रुग्णांच्या बाबतीत ही पथ्ये विशेष महत्त्वाची ठरतात.

मर्यादा आणि नंतरच्या सुधारणा

पॉलिएथिलीनही पूर्णतः झीजमुक्त नव्हते. त्याच्या सूक्ष्म कणांमुळे काही रुग्णांमध्ये पंधरा-वीस वर्षांनी हाड विरून सांधा सैल होई. तरुण आणि अधिक हालचाल करणाऱ्या रुग्णांत हे अधिक आढळले. पुढे किरणोत्साराच्या साहाय्याने अधिक टणक केलेले पॉलिएथिलीन, चिनीमातीसदृश सिरॅमिकचे गोलक आणि सिमेंटविना बसणारे सांधे प्रचारात आले. उंचवटा कापण्याची पद्धतही बहुतेक ठिकाणी मागे पडली. तरीही चार्नली यांनी बसवलेले काही सांधे तीस वर्षांहून अधिक काळ टिकल्याची नोंद राइटिंग्टन येथील पाठपुराव्यात आहे. मृत्यूनंतर तपासणीसाठी सांधा काढून घेण्यास त्यांच्या अनेक रुग्णांनी आधीच संमती दिली होती. त्यामुळे झिजेचा प्रत्यक्ष अभ्यास शक्य झाला.

वैयक्तिक जीवन, सन्मान आणि मृत्यू

चार्नली यांचा विवाह १९५७ मध्ये जिल हीव्हर यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी होती. १९७० मध्ये त्यांना सीबीई हा किताब, १९७४ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार आणि १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १९७७ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी देण्यात आली. आपल्या अनुभवाचे सार त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्पघर्षण सांधारोपणावरील ग्रंथात मांडले. ५ ऑगस्ट १९८२ रोजी मँचेस्टर येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

वारसा

जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक खुब्यांचे रोपण होते. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मधील एका आढावा लेखाने या शस्त्रक्रियेला विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ शस्त्रक्रियेचे स्थान दिले. राइटिंग्टनचे केंद्र आजही सांधारोपणासाठी ख्यातनाम आहे. कृत्रिम सांधा बसवलेल्या रुग्णांची आयुष्यभर नोंद ठेवण्याची आणि अपयशही प्रसिद्ध करण्याची जी शिस्त चार्नली यांनी घालून दिली, तिचेच व्यापक रूप अनेक देशांतील राष्ट्रीय सांधारोपण नोंदवह्यांमध्ये आढळते.