कल्याणचे नाव लिहून ठेवणारा कॉस्मस

वाचकहो, आपले आजे-पणजे कोकणातून जहाजाने निघाले, त्याच्या सुमारे तेराशे वर्षे आधी एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या वहीत त्या किनाऱ्याची नोंद केली होती. या व्यापाऱ्याला जग कॉस्मस म्हणून ओळखते. हे नाव त्याला मागाहून मिळाले. ग्रंथात त्याने स्वतःचे नाव घातलेच नव्हते.

सहाव्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहर बायझंटाईन साम्राज्यात होते. कॉस्मस तिथला. शाळेत बेताचाच शिकलेला. व्यापारासाठी त्याने भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र व इराणचे आखात पाहिले. सन 525 च्या सुमारास, आज इरिट्रियात असलेल्या अडुलिस बंदरात, तेथील राजाच्या सांगण्यावरून त्याने एक जुना शिलालेख उतरवून घेतला. तो दगड आज नाही. कॉस्मसची नक्कल तेवढी उरली आहे.

सन 550 च्या आसपास त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट असून विश्व म्हणजे कमानदार झाकणाची पेटी आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते. त्याच शहरातले विद्वान जॉन फिलोपोनस विश्व गोल असल्याचे सांगत होते. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचे पंडित फोटिअस यांनी हा ग्रंथ वाचला आणि त्याची भाषा व त्यातील गोष्टी दोन्ही हलक्या ठरवल्या.

पंडितांचे चुकले नाही. पण आम्हाला वाटते, आकाशाबद्दल चुकलेला हा माणूस बाजाराबद्दल सहसा चुकत नाही. मलबारची मिरी, सिंहलद्वीपाचा व्यापार त्याने टिपला. आणि कल्लियाना! हे आपले ठाणे जिल्ह्यातले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथून तांबे, इमारती लाकूड व कापड बाहेर जाई, आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांचा बिशप इराणातून नेमला जाई, असे तो सांगतो. नारळाला त्याने आर्गेल्लियोन म्हटले आहे. नारिकेल हा आपलाच शब्द तोंडोतोंडी फिरत तिथवर गेला.

तो स्वतः हिंदुस्थानात आला होता की खलाशांकडून ऐकून लिहीत होता, यावर वाद आहे. ऐकीव असले तरी ते व्यापाऱ्याने व्यापाऱ्याकडून ऐकलेले आहे, हे विसरू नये.

नवव्या शतकातील एक प्रत व्हॅटिकनमध्ये आहे. सन 1706 मध्ये पॅरिसला हा ग्रंथ छापला गेला. अकराव्या शतकातील प्रतींत मिरीची वेल आणि नारळाचे झाडही रंगवलेले आहे.