पतंग, चिकटपट्टी आणि ग्रेसबाई

एका रकान्यात वस्तूचं नाव टाइप केलं की शेजारच्या रकान्यात आपोआप तारीख पडावी, एवढंच माझ्या एक्सेलमधल्या मॅक्रोचं काम होतं. इंटर्नशिपचा दुसरा महिना. काउंटरवरच्या एकाच कॉम्प्युटरवर ती फाइल उघडी असायची आणि आम्ही चौघं आळीपाळीने नोंदी करायचो. तीन आठवडे मॅक्रो बिनबोभाट चालला आणि एका गुरुवारी गप्प बसला. तारीख पडेचना. एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं की चालायचा, दुपारपर्यंत परत मौन. सगळ्यांनी एकमताने निदान केलं की कॉम्प्युटरचा मूड नाही. मीही मान डोलावली. त्या आठवड्यात २७ नोंदी बिनतारखेच्या गेल्या, कुठली वस्तू कधी आली ते सांगता येईना आणि बोलणी मला बसली.

चूक सापडली, ती पुढे सांगते. पण ती ज्या रीतीने सापडली, ती रीत जिच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे त्या बाईंची गोष्ट आधी.

ग्रेस ब्रूस्टर मरे. जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. गजराचं घड्याळ आतून चालतं कसं हे बघायला सात वर्षांच्या ग्रेसने एक घड्याळ उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. सात घड्याळं सुटी झाली तेव्हा आईला पत्ता लागला. आईने बंदी घातली नाही, फक्त संख्या ठरवून दिली. यापुढे एकच.

पुढे व्हॅसर कॉलेजातून १९२८मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, १९३४मध्ये येलमधून गणितात पीएचडी आणि व्हॅसरमध्येच प्राध्यापकी. लग्न झालं, हॉपर हे आडनाव लागलं. सगळं कसं जागच्या जागी होतं. तेवढ्यात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि या प्राध्यापकबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय पस्तिशीच्या पुढे, वजन नियमापेक्षा कमी, शिवाय गणिताचे शिक्षक देशाला कॉलेजातच हवे होते. त्यांनी खास परवानगी मिळवली आणि डिसेंबर १९४३मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वाटलं असेल, जहाजावर जाऊ. नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात, एका यंत्रापुढे.

मार्क वन हे त्या यंत्राचं नाव. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. वेग? सेकंदाला तीन बेरजा. त्याला काय करायचं ते सांगायचं भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि पट्टीतलं एक भोक चुकलं की पुढचं सगळं गणित चुकलं. तोफांचे, सुरुंगांचे, लढाईचे आकडे त्यातून निघायचे, त्यामुळे चूक म्हणजे नुसता हिरमोड नव्हता. प्रमुख हॉवर्ड एकेन कडक माणूस. त्यांनी ग्रेसबाईंना या यंत्राची माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. त्याआधी असं पुस्तक कुणी लिहिलेलंच नव्हतं. ते ५००हून जास्त पानांचं झालं. यंत्र आतून समजल्याशिवाय ते लिहिता येणं शक्य नव्हतं, म्हणजे पुन्हा घड्याळं उघडणंच की!

आता तो प्रसिद्ध पतंग. संक्रांतीचा नव्हे, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. ९ सप्टेंबर १९४७ला मार्क टू या पुढच्या यंत्रात काहीतरी बिघडलं. शोधता शोधता एफ पॅनेलमधला ७० नंबरचा रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा खटका, सापडला. त्यात एक पतंग अडकून मेला होता. तिथल्या लोकांनी तो काढला, नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवला, दुपारी पावणेचारची वेळ घातली आणि किडा, म्हणजे बग, खरोखरच सापडल्याची ही पहिलीच वेळ अशी थट्टेची ओळ शेजारी लिहिली.

बग हा शब्द ग्रेसबाईंनी शोधला असं फॉरवर्ड्समध्ये सर्रास वाचायला मिळतं. ते खरं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची, आणि तसं नसतं तर त्या ओळीतला विनोद झालाच नसता. ती नोंद लिहिणारा हातही बहुधा त्यांचा नव्हता. त्यांनी काय केलं, तर ही गोष्ट आयुष्यभर इतकी रंगवून सांगितली की ती त्यांचीच झाली. मला मात्र किड्यापेक्षा वहीचं जास्त वाटतं. तारीख, वेळ, पॅनेल, रिलेचा नंबर. यंत्राचा मूड असं त्या पानावर कुठेही नाही.

इथेच माझा मॅक्रो. पट्टीवरचा प्रोग्रॅम एकामागून एक पावलं टाकतो. थांबला तर कुठे थांबला ते पट्टीवर बोट ठेवून दाखवता येतं. माझा मॅक्रो वेगळ्या जातीचा. रकान्यात काही बदललं की जागा होणारा, एरवी झोपलेला. जागाच झाला नाही तर बोट ठेवणार कुठे? मग मी एक वही घेतली. कधी बंद पडला आणि त्याच्या जरा आधी कुणी काय केलं, एवढंच लिहायचं. दोन दिवसांत चार नोंदी झाल्या आणि चारही वेळा कुणीतरी दुसऱ्या फाइलमधून पाच-सहा ओळी एकदम कॉपी-पेस्ट केल्या होत्या.

झालं होतं असं. मॅक्रोने तारीख लिहिली की तोही शीटमधला बदलच, म्हणजे मॅक्रो स्वतःलाच पुन्हा उठवणार. ते टाळायला मी पहिल्या ओळीत एनेबल इव्हेंट्स फॉल्स केलं होतं, म्हणजे एक्सेलला सांगितलं होतं की आता काही घडलं तरी कुणाला उठवू नकोस. शेवटच्या ओळीत ते परत ट्रू. मधला कोड मात्र बदललेला सेल एकच आहे असं धरून चालला होता. पाच सेल एकदम आल्यावर तो मध्येच कोलमडायचा. एररची चौकट यायची सुद्धा, पण घाईत असलेला माणूस एंड दाबून पुढे जायचा आणि कुणाला सांगायचा नाही. शेवटची ओळ चालायचीच नाही. एक्सेल कान बंद करून बसायचं ते थेट बंद करून उघडेपर्यंत. म्हणून तर रीस्टार्टने गुण यायचा!

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. प्रत्येक सेल वेगळा तपासायचा, आणि मध्ये काहीही फुटलं तरी ऑन एररने उडी मारून शेवटच्या, ट्रू करणाऱ्या ओळीवर यायचं. तुमचा मॅक्रो असाच मुका झाला असेल तर व्हीबीएच्या इमिजिएट विंडोत अॅप्लिकेशन डॉट एनेबल इव्हेंट्स ट्रू करून एंटर मारा. बोलायला लागला तर रोग हाच. नाही लागला तर कोड शीटच्या स्वतःच्या मोड्यूलमध्ये आहे की साध्या मोड्यूलमध्ये, ते बघा. साध्या मोड्यूलमध्ये असेल तर शीटमधल्या बदलाची वर्दी त्याला जातच नाही. आणि सेलमध्ये फॉर्म्युला असेल, त्याचं उत्तर नुसतं आपोआप बदललं असेल, तर चेंज इव्हेंट उठत नाही. त्याला कॅल्क्युलेट हा वेगळा इव्हेंट आहे.

परत ग्रेसबाईंकडे. युद्ध संपलं. १९४५मध्ये घटस्फोट झाला, हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. त्या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या, खचल्याही होत्या. यशोगाथांमधून हा भाग गाळतात, का ते कळत नाही. १९४९मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. धाडसच होतं, कंपनी आर्थिक अडचणीत होती आणि लवकरच रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली.

त्यांचं सगळ्यात मोठं काम इथलं. तोवर प्रोग्रॅमर मंडळी चालून दाखवलेले कोडचे तुकडे वहीत जपून ठेवायची आणि नव्या कामात हाताने उतरवून घ्यायची. उतरवताना प्रत्येक पत्ता नव्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलावा लागायचा. हुशार माणसंसुद्धा बेरजेत चुकायची, अक्षर आकड्यासारखं वाचायची. (इंटरनेटवरून कोड उचलून रेंज बदलायला विसरणारे आपण काही वेगळे नाही.) ग्रेसबाईंनी विचार केला की उतरवणं आणि बेरीज ही कामं यंत्राला माणसापेक्षा चांगली जमतात, तर त्यालाच करू द्या. तुकडे टेपवर ठेवले, प्रत्येकाला नंबर दिला. नंबर सांगितला की यंत्रच तुकडा शोधून, पत्ते बदलून जोडणार. १९५२च्या सुमाराचा हा ए-झीरो कम्पायलर. लोकांचा विश्वास बसेना. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कुठे लिहितो?

मग त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी भाषा मांडली आणि वरिष्ठांना दाखवताना त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवल्या. यंत्राला सगळ्या खुणा सारख्याच, एवढंच त्यांना सांगायचं होतं. वरिष्ठ हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच कसं कळेल? शेवटी फक्त इंग्रजी ठेवू असं कबूल करून त्यांनी सुटका करून घेतली. तीच फ्लो-मॅटिक. १९५९मध्ये समितीने कोबोल ही भाषा घडवायला घेतली तेव्हा त्यावर सगळ्यात मोठी छाप तिची पडली.

नौदलाने १९६६मध्ये त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षं चालले. भाषणांना जाताना त्या तारांचे तुकडे घेऊन जायच्या, एकेक फुटाला जरा कमी. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापते, म्हणून. ते तुकडे त्या श्रोत्यांना वाटायच्या. ऑफिसातलं त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं आणि वेळ बरोबर दाखवायचं.

१४ ऑगस्ट १९८६ला, ७९व्या वर्षी, बॉस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या १७९७ सालच्या युद्धनौकेवर रिअर अॅडमिरल ग्रेस हॉपर निवृत्त झाल्या आणि लगेच एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ला त्या गेल्या, तोपर्यंत ती नोकरी चालू होती. पतंग चिकटवलेली वही आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. चिकटपट्टीखाली तो अजून तसाच आहे.