वि. ल. भावे : ठाण्यात मराठी पुस्तकांचं घर उभारणारा तरुण



शाळेतलं पुस्तकांचं कपाट डोळ्यांसमोर आणा. लोखंडी कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे तर रजेवर गेलेल्या सरांकडे! मी डोंबिवलीत शिकवायला लागलो तेव्हा माझ्या वाट्याला असंच एक कपाट आलं होतं. पुस्तकं फाटली तर हिशोब कोण देणार, या भीतीने ती मुलांच्या हाती जातच नव्हती. अशा वेळी मला आपल्या ठाण्याच्या एका माणसाची आठवण येते. त्यांचं नाव विनायक लक्ष्मण भावे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते म्हणून माहीत आहेत. पण त्यांचं पहिलं मोठं काम ग्रंथालयाचं होतं आणि ते त्यांनी विद्यार्थिदशेत केलं.

भावे यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1871 रोजी पनवेलजवळच्या पळस्पे गावी झाला. शिक्षण ठाणे आणि मुंबई इथे. गंमत बघा, मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा हा माणूस पदवीने विज्ञान शाखेचा, आणि व्यवसाय मिठाचा! साहित्य हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन कधीच नव्हतं. जे केलं ते आवडीने आणि पदरचा वेळ घालून.

1893 साली नेमकं काय झालं?

त्या काळी आपल्या भागात वाचनालयं नव्हती असं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून चालू आहे. पण त्या काळच्या बऱ्याच वाचनालयांत मान इंग्रजी पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना असे. शिकलेल्या माणसाने मराठी पुस्तक विकत घेणं, जपून ठेवणं ही गोष्ट फारशी प्रतिष्ठेची नव्हती. मराठीत छपाई सुरू होऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती. पुस्तकं निघत होती, वाचली जात होती आणि हरवतही होती. शंभर वर्षांनी एखादं पुस्तक बघायचं म्हटलं तर ते कुठे मिळणार, याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं.

1 जून 1893 रोजी भावे यांनी मित्रांच्या साथीने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. वय होतं एकवीस. नावातला शब्द नीट वाचा. वाचनालय नाही, ग्रंथसंग्रहालय. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवायचं, असा तो ध्यास होता. चांगलं-वाईट, लहान-मोठं असा भेद न करता सगळं. आज आपल्याला क्षुल्लक वाटणारं पुस्तक उद्याच्या अभ्यासकाला मोलाचं वाटू शकतं, हा विचार त्यामागे होता. पाच वर्षांनी, 1898 मध्ये, मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. म्हणजे मोठ्या शहराच्या आधी हे काम आपल्या ठाण्याने केलं.

पुस्तकं जमवणं सोपं वाटतं. पण ठाण्याची हवा आठवा. एका बाजूला खाडी आणि वर चार महिने धो धो पाऊस. कागदाला ओल धरते, कसर लागते, वाळवी लागते. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची, शिक्का मारायचा, ते जागेवर लावायचं, कोणी नेलं ते लिहायचं, परत आलं का ते पाहायचं. यात टाळ्या नाहीत, सत्कार नाहीत. ग्रंथालय उद्घाटनाच्या दिवशी उभं राहत नाही, ते अशा रोजच्या कंटाळवाण्या कामावर उभं राहतं. शाळेत ज्यांनी कधी दाखल नोंदवही भरली असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

पुस्तकांकडून पोथ्यांकडे

छापील पुस्तकांबरोबर भावे यांना जुन्या पोथ्यांचा नाद लागला. घरोघरी माळ्यावर, देवघरात बासनात बांधलेल्या पोथ्या पडून होत्या. त्या मिळवायच्या, वाचायच्या, पाठभेद तपासायचे. जुन्या कवींच्या रचना लोकांसमोर याव्यात म्हणून 1903 साली त्यांनी 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढलं. काही वर्षांनी ते बंद पडलं, पण त्यांचं शोधणं थांबलं नाही.

'महाराष्ट्र सारस्वत' आधी विजापूरकरांच्या 'ग्रंथमाला' मासिकातून 1898-99 च्या सुमारास आलं. तेव्हा तो एक निबंध होता. पुढे नवं साहित्य सापडत गेलं तसतसे भावे लिहिलेलं दुरुस्त करत, वाढवत गेले. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत होते आणि पंथाबाहेरच्या लोकांना ते वाचता येत नव्हते. भावे, राजवाडे अशा संशोधकांनी त्या लिपीची उकल केली आणि तेराव्या शतकातलं मराठी गद्य अभ्यासकांपुढे आलं. 1919 च्या आवृत्तीत भावे यांनी या साहित्याला मोठी जागा दिली. त्याच सुमारास संताजी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे त्यांनी तुकारामबुवांचा अस्सल गाथा छापला. आपण लिहिलेलं अपुरं होतं हे मान्य करून ते पुन्हा लिहायचं, हा गुण आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे.

12 सप्टेंबर 1926 रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या 'सारस्वता'ला पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडली. आणि ग्रंथसंग्रहालय? ते आजही ठाण्यात आहे. 2018 मध्ये त्याला सव्वाशे वर्षं झाली. संस्थापक गेल्यावर नव्वदहून जास्त वर्षं संस्था टिकली, कारण ती एकट्याच्या जिवावर ठेवलेली नव्हती.

आपल्यासाठी यात काय आहे?

जॉन वुड नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट काही जणांनी वाचली असेल. 1998 मध्ये नेपाळच्या डोंगरात फिरताना त्यांनी एका शाळेचं ग्रंथालय पाहिलं. पुस्तकं मोजकीच, तीही कुलपात, मुलांनी खराब करू नयेत म्हणून! त्यातून पुढे 'रूम टू रीड' ही संस्था उभी राहिली आणि अनेक देशांत शाळांची ग्रंथालयं झाली. सुरुवात दान आलेल्या इंग्रजी पुस्तकांनी झाली, पण मुलांना स्वतःच्या भाषेतली पुस्तकं हवीत हे त्या संस्थेलाही उमगलं आणि स्थानिक भाषांत पुस्तकं छापली जाऊ लागली. भावे यांनी हीच गोष्ट शंभर वर्षं आधी ओळखली होती.

मात्र एक फरक लक्षात ठेवूया. भावे यांचं काम मुख्यतः पुस्तकं जपण्याचं होतं. शाळेच्या ग्रंथालयाचं काम ती मुलांच्या हाती देण्याचं आहे. संग्रहालयात एक पान फाटलं तर नुकसान होतं. शाळेत एकही पान दुमडलं नाही तर ते जास्त मोठं नुकसान आहे. आमच्या कपाटाची किल्ली शेवटी सातवीतल्या दोन मुलींकडे दिली. नोंदवही त्याच लिहायच्या. वर्षअखेर चार पुस्तकं हरवली, सहा फाटली, आणि एका पुस्तकासाठी तर रांग लागली. हिशोबात ते नुकसान मी स्वतः लिहिलं आणि सही केली.

या वर्षी मुलांना घेऊन ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात एक चक्कर नक्की मारा. पालकहो, सुट्टीच्या दिवशी तुम्हीही न्या. आणि मुलांना एवढंच सांगा, हे सुरू करणारा दादा तेव्हा कॉलेजात शिकत होता.