दिवा हाती येण्याआधी

माझी भाची नर्सिंग शिकते. वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांदेखत एक पेशंट गेला. जवळ विचारायला कोणी नव्हते. ती रडत घरी आली, तेव्हा मी तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट सांगितली.

१८२० साली श्रीमंत घरात जन्मलेल्या फ्लॉरेन्सने १८४५ मध्ये इस्पितळात शिकायची परवानगी मागितली. घरच्यांनी साफ नकार दिला. अखेर १८५१ मध्ये, एकतीस वर्षांची असताना, जर्मनीतल्या कैझर्सवर्थला तिने तीन महिने रुग्णसेवा शिकून घेतली. १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली. मुलींनी वॉर्डातच शिकावे. पण राहायला सुरक्षित जागा आणि शिकवायला जाणत्या सिस्टर असाव्यात, हा तिचा आग्रह. १९१० मध्ये ती गेली.

भाचीने डोळे पुसले आणि उद्याच्या ड्युटीसाठी गणवेशाला इस्त्री केली.